टोलनाक्याच्या रांगेत बंद पडणारी गाडी : थ्रॉटलच्या अर्थिंग वायरचं एक प्रकरण

गाडी चार सिलिंडरची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक. मॅन्युअल गिअर, नंतर बाहेरून बसवून घेतलेलं सीएनजी किट. मालक कराडकडचे एक शिक्षक. त्यांनी तक्रार कागदावर लिहूनच आणली होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने अशी लिहून आणली तर आमचं निम्मं काम हलकं होईल. कागदावर होतं ते असं : गाडी धावताना बंद पडत नाही, मधूनच किंचित ओढ कमी होते एवढंच. तासवडे टोलनाक्याच्या रांगेत, चौकात सिग्नलला, शाळेच्या फाटकात वळताना बंद पडते. ब्रेक मारून क्लच दाबला की आरपीएमचा काटा ८०० वर थांबायचा तो खाली जातो आणि इंजिन मरतं. चावी फिरवली की लगेच चालू. पेट्रोलवरही होतं, सीएनजीवरही होतं. चेक लाईट (डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या दोषाचा दिवा) कधी लागते, कधी लागत नाही.

शेवटच्या दोन ओळी फार मोलाच्या. दोन्ही इंधनांवर तोच त्रास होतो म्हटल्यावर पेट्रोलचा पंप, पेट्रोलचे इंजेक्टर, सीएनजीचा रेग्युलेटर हे सगळे एकदम मागच्या रांगेत जातात. हवा, स्पार्क आणि वायरिंग उरतं.

तरीही आधीच्या गॅरेजांमध्ये काय झालं होतं ते ऐका. पहिल्यांदा थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप आणि तिची मोटर, काढून साफ केली. मग पेट्रोलचा पंप बदलला. मग एकदा चेक लाईट लागली, स्कॅनरवर (गाडीला जोडून दोष वाचायचं यंत्र) पी २१३५ हा कोड आला, आणि नवी थ्रॉटल बॉडी बसवली. प्रत्येक वेळी गाडी काही दिवस बरी चालली आणि पुन्हा मूळपदावर आली. जुनी थ्रॉटल बॉडी सरांनी खोक्यासकट डिकीत जपून ठेवली होती. ती पुढे उपयोगी पडली.

"सर, किट बसवून किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन वर्षं होत आली. पण त्याचा काय संबंध? गॅस बंद ठेवूनसुद्धा होतंच की."

संबंध होता, पण गॅसशी नव्हता. तो पुढे येतो.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

पी २१३५ म्हणजे थ्रॉटलच्या दोन पोझिशन सेन्सरचा एकमेकांशी मेळ बसत नाही. थ्रॉटल बॉडी खराब आहे असं हा कोड म्हणत नाही. सेन्सरपासून ईसीएमपर्यंतच्या (इंजिन चालवणारा कंप्युटर) पूर्ण वाटेत कुठेतरी गडबड आहे, एवढंच तो म्हणतो. त्या वाटेत थ्रॉटल बॉडी आहे, कपलर (वायरींचा काढता-घालता येणारा जोड) आहे, पिना आहेत, वायरी आहेत आणि ईसीएम आहे. यातला सगळ्यात महाग भाग आधी बदलायचा आणि सगळ्यात स्वस्त भाग शेवटी बघायचा, ही पद्धत गिऱ्हाइकाच्या खिशावर अन्याय करणारी आहे.

या गाडीच्या थ्रॉटल कपलरला सहा वायरी येतात. दोन मोटरच्या. ईसीएम त्यातून उलटसुलट करंट सोडून झडप उघडतो, मिटतो. उरलेल्या चार सेन्सरच्या : ५ व्होल्टचा सप्लाय, सेन्सरचं अर्थिंग (परतीची, शून्य व्होल्टची वायर), पहिला सिग्नल आणि दुसरा सिग्नल. झडप उघडेल तसा पहिला सिग्नल चढतो आणि दुसरा तेवढाच उतरतो. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) या गाडीत पहिला ०.६२ व्होल्ट आणि दुसरा ४.३८ व्होल्ट. पूर्ण रेस दिली की पहिला ४.५ च्या आसपास आणि दुसरा ०.५ च्या आसपास. कुठल्याही क्षणी दोघांची बेरीज ५ व्होल्ट.

एकाच झडपेला दोन सेन्सर, आणि तेही उलट दिशेने चालणारे, हे सुरक्षेसाठी. दोन्ही सिग्नल सारखेच असते तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यावरही ईसीएमला सगळं ठीकच दिसलं असतं. ही भीती कागदावरची नाही. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून अमेरिकेत नासाच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची तपासणी केली. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये आला. मोठ्या प्रमाणावर थ्रॉटल उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण पेडलच्या एका निकामी सेन्सरमध्ये टिनचा केसापेक्षा बारीक तंतू वाढून दोन सिग्नल एकमेकांना जोडले गेलेले त्यांना दिसले.

आणखी एक गोष्ट मनात पक्की असली पाहिजे, नाहीतर हे प्रकरण उलगडत नाही. मोटरचा करंट पूर्ण तोडला तर झडप पूर्ण मिटत नाही. आतल्या स्प्रिंगा तिला थोडी उघडी धरून ठेवतात. म्हणून थ्रॉटलचा दोष ईसीएमने ओळखला आणि मोटर सोडून दिली, तर इंजिन सहसा बंद पडत नाही. ते वाढीव आयडलवर रेंगाळत राहतं, चेक लाईट लागते, रेस दाबली तरी गाडी ओढत नाही. इथे नेमकं उलट होत होतं. इंजिन मरत होतं आणि लाईट बहुतेक वेळा लागत नव्हती. याचा अर्थ त्या क्षणी मोटर चालू होती, ईसीएमच्या ताब्यात होती, आणि झडप स्प्रिंगने धरलेल्या जागेपेक्षाही खाली ओढली जात होती.

बंद पडतानाचा एक सेकंद

दोष हजर असताना पकडायचा तर आधी तो बोलावता आला पाहिजे. कागदावरच्या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट समान होती : गाडी थांबता थांबता क्लच दाबला जातो आणि इंजिन माउंटिंगवर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांवर, एक हिसका खातं. म्हणून आवारात गाडी गरम केली, आमच्या पोराला सीटवर बसवलं, गाडी सरकू नये म्हणून चाकांना ओट लावले. ब्रेक दाबून धरायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच इतकाच सोडायचा की इंजिन एका बाजूला उचललं जाईल, आणि मग झटकन क्लच दाबायचा. थोड्याच वेळात गाडी सरांनी लिहिलं होतं तशीच मेली.

पहिली चाळणी स्कॅनरवर. इंजिन किती फिरतंय ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला तर स्कॅनरवरचा आरपीएम एकदम शून्य होतो, इंजिन अजून फिरत असलं तरी. इथे आरपीएम उतरत उतरत गेला, म्हणजे क्रँक सेन्सर नाही. मग मॅनिफोल्डचा, म्हणजे झडपेपासून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीतला दाब. इंधन तुटून इंजिन मरत असेल तर ईसीएम आयडल सावरायला झडप उघडू पाहतो आणि मॅनिफोल्डचा दाब वर जातो. इथे तो ३३ किलोपास्कलवरून आधी खाली घसरला, आणि आरपीएम पार पडल्यावर मग वर आला. इंजिनाची हवा कोंडली जात होती. पण स्कॅनरवर थ्रॉटलचा आकडा मात्र वाढलेला दिसत होता. हवा कमी होतेय आणि झडप जास्त उघडली असं आकडा सांगतोय, म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

स्कॅनरची मजल इथपर्यंतच. साधा स्कॅनर एकेक आकडा सेकंदाला काही वेळाच वाचतो. त्यामुळे दशांश सेकंदाचा हिसका त्यात पुसट दिसतो किंवा दिसतच नाही. म्हणून व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप लावला. एक चॅनेल पहिल्या सिग्नलला, दुसरा दुसऱ्या सिग्नलला, आणि स्कोपचं अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. सेन्सरच्या अर्थिंग पिनवर स्कोपचं अर्थिंग लावलं असतं तर जो दोष शोधायचा तोच लपला असता.

पिनांना हात लावण्याबद्दल इथेच सांगतो. कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने, सुईसारखी बारीक पिन सरकवून मोजायचं. मल्टीमीटरची जाड पिन कपलरच्या पुढच्या तोंडात कधी खुपसायची नाही. आतली बारीक फीमेल पिन पसरते आणि नसलेला लूज कनेक्शनचा दोष आपणच तयार करतो.

स्कोपवर आलेलं चित्र असं. आयडलला पहिला सिग्नल ०.६२, दुसरा ४.३८. हिसक्याच्या क्षणी पहिला उडी मारून ०.८८ वर गेला, दुसरा ४.४२ वर. मग पहिला हळूहळू ०.७७ पर्यंत उतरला, दुसरा ४.५३ पर्यंत चढला, आणि इंजिन मेलं. गाडी मेल्यावर दोन्ही सिग्नल आपापल्या नेहमीच्या हद्दीत परत.

बेरजेवरून वायर ओळखणे

या आकड्यांवर थोडं थांबू, कारण निदान इथेच झालं.

०.६२ अधिक ४.३८ म्हणजे ५.००. हिसक्याच्या क्षणी ०.८८ अधिक ४.४२ म्हणजे ५.३०. इंजिन मरताना ०.७७ अधिक ४.५३, पुन्हा ५.३०. वैयक्तिक आकडे हलत राहिले, बेरीज मात्र ५.३० वर खिळून राहिली.

झडप खरोखर हलली तर एक सिग्नल चढतो तेवढाच दुसरा उतरतो आणि बेरीज ५ च राहते. एकाच सिग्नलची वायर तुटली असती तर तो एकटाच उडाला असता, दुसरा आपल्या जागी राहिला असता. ५ व्होल्टच्या सप्लाय वायरमध्ये अडथळा असता तर सेन्सरला ५ ऐवजी, समजा, ४.७ व्होल्ट मिळाले असते, दोन्ही सिग्नल खाली आले असते आणि बेरीज ४.७ झाली असती. सप्लाय ५ व्होल्टच असताना दोन्ही सिग्नल एकदम वर उचलले जाऊन बेरीज ५ च्या पलीकडे जाते ती एकाच कारणाने : सेन्सरच्या अर्थिंगची पातळी शून्यावरून वर आली. जेवढी वर आली तेवढीच बेरीज वाढते. बेरीज ०.३० ने वाढली, म्हणजे सेन्सरच्या पायाखालचं शून्य ०.३० व्होल्टने उचललं गेलं होतं.

थ्रॉटल बॉडी न काढता, एकही भाग न बदलता, सहा वायरींमधून एक वायर समोर आली. मला हा भाग या सगळ्या कामात सर्वांत समाधानाचा वाटतो, आणि तो करायला साध्या बेरजेपलीकडे काही लागत नाही.

आता इंजिन का मरत होतं तेही उलगडतं. आयडलला ईसीएमला पहिला सिग्नल ०.६२ च्या आसपास हवा. तो अचानक ०.८८ दिसला. ईसीएमच्या दृष्टीने झडप साडेसहा टक्के जास्त उघडली, म्हणून त्याने ती मिटायला सुरुवात केली. झडप पार तळाच्या स्टॉपला टेकली तरी सिग्नल ०.७७ च्या खाली येईना. ईसीएम दाबत राहिला, हवा बंद झाली. दोन सेन्सरचा मेळ नाही हे ईसीएमला कळायला आणि कोड नोंदवायला दोष थोडा वेळ टिकावा लागतो. बहुतेक वेळा तेवढ्यात इंजिन मेलेलं असायचं, म्हणून लाईट कधी लागायची, कधी नाही. धावताना झडप पंचवीस-तीस टक्के उघडी असते. त्यातून पाच टक्के मिटली तर गाडीची ओढ किंचित कमी होते, बंद पडत नाही. कागदावरची पहिली ओळ अशी खरी ठरली.

वायर सापडली तिथे

बेरीज दिशा दाखवते, पण पुरावा वेगळा लागतो. स्कोपचा एक चॅनेल थ्रॉटल कपलरच्या अर्थिंग पिनवर आणि दुसरा ईसीएमच्या टोकाला त्याच वायरच्या पिनवर लावला. हिसका दिल्यावर कपलरकडे ०.३ व्होल्ट, ईसीएमकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे ईसीएम चांगला, दोष मधल्या वायरीत.

अडथळा केवढा असेल, तेही काढलं. कपलर काढून थ्रॉटल बॉडीच्या सप्लाय आणि अर्थिंग पिनांमध्ये मोजलं, साधारण १.२५ किलोओहम आले. ५ व्होल्टमधले ०.३ व्होल्ट वायरीत जायचे तर वायरीत साधारण ८० ओहम हवेत. निरोगी वायरीत एक ओहमसुद्धा नसतो.

याच वायरीची मल्टीमीटरवर बीप मात्र व्यवस्थित वाजत होती. बीप वाजली म्हणजे वायर चांगली, हा समज काढून टाकायला हवा. मीटर अगदी थोडा करंट सोडतो, वायर त्या वेळी निवांत पडलेली असते, आणि कित्येक मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही बीप देतात. वायरीला भार देऊनच तपासावं. बॅटरी काढून, ईसीएमचा आणि थ्रॉटलचा दोन्ही कपलर काढून, वेगळ्या १२ व्होल्ट सप्लायवर ५ वॅटचा बल्ब या वायरीतून लावला. साधारण ०.४ अँपिअर करंट. बल्ब मंद पेटला. कपलरमागे दोन बोटं अंतरावर वायर वाकवली की विझायचा. ईसीएम जोडलेला असताना हा प्रयोग कधीही करू नये.

टेप सोडवली. बाहेरून इन्सुलेशन अखंड होतं, फक्त बोटाला त्या जागी वायर लिबलिबीत लागत होती. चिरून पाहिलं तर आतल्या सगळ्या तारा तुटलेल्या, टोकं काळवंडलेली, आणि इन्सुलेशनच्या आधाराने एकमेकींना टेकून राहिलेली.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. किट बसवणाऱ्याने सीएनजीची वायरिंग आणि इंजिनची मूळ वायरिंग एकत्र करून केबल टायने बॉडीच्या ब्रॅकेटला आवळली होती. दिसायला नीटनेटकं काम. पण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि बॉडी हलत नाही. कंपनीने मूळ वायरिंगला जी ढील ठेवली होती ती या आवळण्यात संपली. इंजिनचा प्रत्येक हिसका थेट कपलरमागच्या त्या दोन बोटांच्या जागेत जात होता. मागचं माउंटिंगही फाटलेलं निघालं, त्यामुळे हिसके आणखी मोठे. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस बरी का चालायची, तेही यातच आलं. थ्रॉटल काढून बसवताना कपलर हलायचा, वायरीची घडी बदलायची, तुटलेली टोकं पुन्हा नीट टेकायची.

डिकीतली जुनी थ्रॉटल बॉडी बाकावर घेऊन ५ व्होल्ट दिले आणि झडप हाताने सावकाश फिरवली. स्कोपवर दोन्ही रेषा एकमेकींच्या आरशातल्यासारख्या, कुठे खाच नाही, बेरीज पूर्णवेळ ५. ती कधीच खराब नव्हती. सरांना ती रेषा स्क्रीनवर दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, "माझ्या पगारातले पैसे गेले हो यात." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

दुरुस्ती

इथे एक मोह टाळावा लागतो. थ्रॉटलचं अर्थिंग तुटलंय ना, मग एक नवी वायर टाकून बॉडीला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून टाकू, असं बरेच वायरमन करतात आणि गाडी चालूही होते. पण सेन्सरचं अर्थिंग मुद्दाम ईसीएममधून आणलेलं असतं. बॉडीच्या अर्थिंगमधून स्टार्टर, अल्टरनेटर, पंखा यांचे मोठे करंट वाहतात, त्यामुळे तिथलं शून्य खालीवर होत राहतं. थ्रॉटलचा सिग्नल त्याच्यावर टेकवला की आज एक दोष मिटतो आणि पुढे दुसराच सुरू होतो. वायर ईसीएमच्या त्याच पिनपर्यंत गेली पाहिजे.

एक तुटली म्हणजे शेजारच्या पाचही त्याच जागी तेवढ्याच वाकल्या होत्या. म्हणून सहाही वायरी कपलरसकट नव्या घेतल्या, मूळ जाडीच्याच. जोड वाकणाऱ्या जागेपासून बरेच मागे घेतले आणि एकाच ठिकाणी गाठ होऊ नये म्हणून मागेपुढे ठेवले. हलत्या जागी मी सोल्डर करत नाही. सोल्डर तारांमध्ये झिरपून वायर ताठ करते आणि ती ताठ भागाच्या कडेला पुन्हा तुटते. चांगल्या पक्कडीने क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) आतून गोंद असलेली हीट स्लीव्ह चढवली. सीएनजीची वायरिंग पूर्ण वेगळी करून तिच्या वाटेने नेली. इंजिनच्या वायरिंगचा शेवटचा क्लिप इंजिनवरच घेतला, बॉडीवर नाही. फाटलेलं माउंटिंग बदललं. ते राहिलं असतं तर नव्या वायरीलाही तेच दिवस आले असते.

कोड पुसले, स्कॅनरने थ्रॉटलचं लर्निंग (ईसीएमला झडपेच्या जागांची नव्याने ओळख) करून घेतलं. प्रत्येक गाडीची पद्धत वेगळी असते, ती त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावी. मग पुन्हा स्कोप लावून तोच क्लचचा हिसका, पुढेमागे दोन्ही गिअरमध्ये, एसी चालू, दिवे चालू. बेरीज ५.०० वरून हलली नाही. गाडी मेली नाही म्हणून सुटली, असं मी मानत नाही. कधीतरी येणारा दोष आज आला नसेल, एवढंच त्यातून कळतं. बेरीज हलत नाही, हा पुरावा मी सरांच्या हाती दिला.

या कामात एवढं खोल जायला कारण आहे. इंजिन मेलं की पायाला जोड देणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरतीच ताकद उरते. महामार्गावर मागे भरलेला ट्रक असताना, गाडीत घरची माणसं असताना हे झालं तर काय होईल याचा विचार करूनच "बघा, चालवून बघा, नाहीतर परत आणा" हे वाक्य तोंडातून काढायला हवं.

जिथे बेरीज पाच येत नाही

सगळ्याच गाड्यांत एक चढता, एक उतरता अशी जोडी नसते. कित्येक गाड्यांत थ्रॉटलचे दोन्ही सिग्नल चढतेच असतात, फक्त चढण्याचा दर वेगळा. रेसच्या पेडलमध्ये तर बहुधा पहिला सिग्नल दुसऱ्याच्या दुप्पट असतो, उदाहरणार्थ ०.७४ आणि ०.३७. तिथे बेरजेऐवजी गुणोत्तर बघावं. सप्लाय ढासळला तर दोन्ही सिग्नल सारख्याच प्रमाणात खाली येतात आणि दुप्पट ते दुप्पटच राहतं. मेळ तपासणाऱ्या ईसीएमला यात वावगं दिसेलच असं नाही. अर्थिंग उचललं गेलं तर मात्र दोन्हींमध्ये जवळपास सारखीच भर पडते, ०.७४ चे एक व्होल्ट होतात, ०.३७ चे ०.६५, आणि दुपटीचं नातं तुटतं. हे दोन्ही सेन्सरचा सप्लाय आणि अर्थिंग एकच असेल तर. पेडलमध्ये मात्र दोन सेन्सरना बहुधा वेगवेगळा सप्लाय आणि वेगवेगळं अर्थिंग दिलेलं असतं, त्यामुळे एकच सिग्नल बिघडलेला दिसला तरी फक्त सिग्नलची वायर न बघता त्या सेन्सरच्या तिन्ही वायरी बघाव्यात.

५ व्होल्टचा सप्लाय खाली आलेला सापडला, तर थ्रॉटलकडे बोट दाखवण्याआधी त्याच सप्लायवर आणखी कोण आहे ते सर्किटच्या नकाशात पाहावं. मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर किंवा एसीचा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तोही हाच सप्लाय खाली ओढतो आणि कोड थ्रॉटलचा येतो. एकेका सेन्सरचा कपलर काढत जावं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तिथे थांबावं.